ट्रकच्या प्रवासात गॅसचा सुरक्षित वापर: नव्या चालकांसाठी आणि क्लीनरांसाठी मार्गदर्शन

लांब पल्ल्याच्या ट्रकवर नव्याने चढलेल्या माणसाला गाडी चालवायला शिकवणारे पुष्कळ भेटतात. पण वाटेत स्वयंपाक कसा करावा आणि कडाक्याच्या थंडीत केबिनमध्ये रात्र कशी काढावी, हे सहसा कोणी समोर बसवून सांगत नाही. क्लीनर म्हणून आलेला मुलगा आपल्या वस्तादाचे पाहून शेगडी पेटवायला शिकतो आणि वस्तादाच्या चुकाही त्याच्या हातात उतरतात. माझेही तसेच झाले.

नाशिक जिल्ह्यातून कांदा आणि द्राक्षे घेऊन उत्तरेकडे जायचे आणि परतताना सफरचंदाच्या पेट्या वाशीच्या बाजारात आणायच्या, अशा खेपा मी अनेक वर्षे केल्या. एका जानेवारीत जम्मू-श्रीनगर महामार्ग बर्फामुळे बंद झाला आणि काझीगुंडला आमची गाडी रांगेत अडकली. रात्री काचा पूर्ण लावून, दोन सीटांमधल्या जागेत छोटी शेगडी मंद करून आम्ही दोघे झोपलो. पहाटे क्लीनरला उलटी आली, त्यासाठी त्याने दार उघडले आणि त्या उघड्या दारामुळेच आम्ही दोघे वाचलो. मी खाली उतरू लागलो तेव्हा पायांत बळ नव्हते आणि डोके फुटेल असे दुखत होते. रात्रभरात आम्हाला कसलाही वास आला नव्हता. दर हिवाळ्यात उत्तरेकडून बंद केबिनमध्ये मृतावस्थेत सापडलेल्या चालकांच्या बातम्या येतात, आणि प्रत्येक वेळी मला ती पहाट आठवते.

या लेखात पुढे जे काही सांगितले आहे, ते एका नियमाभोवती फिरते: ज्या हवेत माणूस झोपतो त्या हवेत ज्योत असू नये. टाकी कोणती घ्यावी, कुठे ठेवावी, शेगडी कुठे पेटवावी, हे सगळे या नियमातूनच निघते.

आधी दोन धोके वेगवेगळे समजून घ्या

गॅसपासून होणारे अपघात दोन प्रकारचे असतात आणि त्यांची लक्षणे एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

पहिला धोका न जळलेल्या गॅसचा. स्वयंपाकाचा गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. प्रोपेन हवेपेक्षा सुमारे दीडपट आणि ब्युटेन सुमारे दुप्पट जड असल्यामुळे गळालेला गॅस वर जात नाही. तो पाण्यासारखा खाली उतरतो आणि केबिनच्या तळाशी, सीटखाली, पेडलांजवळ साचतो. त्यामुळे दोन बोटे काच उघडी ठेवली म्हणजे गॅस निघून जाईल, हा समज चुकीचा आहे. हवेत साधारण 2 टक्के गॅस मिसळला की ते मिश्रण ठिणगीने पेटू शकते. शयनकक्ष असलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये ढोबळमानाने 5 ते 6 घनमीटर हवा असते, म्हणजे पाव किलोच्या आसपास गॅस गळाला तरी सगळी केबिन पेटण्याच्या स्थितीला येते. आणि गॅस तळाशी साचत असल्याने पायांजवळ ती स्थिती त्याहून बरीच आधी येते. या धोक्यात एक दिलासा आहे. मूळ गॅसला वास नसतो, पण गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन हे उग्र वासाचे रसायन मिसळलेले असते, त्यामुळे नाक आपल्याला सावध करते.

दुसरा धोका जळलेल्या गॅसचा, आणि तिथे नाक कामाला येत नाही. 1 किलो गॅस जळायला सुमारे 12 घनमीटर हवा लागते. छोटी शेगडी तासाला दीडशे ग्रॅम गॅस जाळत असेल, तर ती तासाभरात जवळपास 2 घनमीटर हवेतला प्राणवायू संपवते. बंद केबिनमध्ये प्राणवायू कमी होऊ लागला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि झोपलेल्या माणसाला जाग येण्याऐवजी गुंगी येते. कोळशाच्या शेगडीचे आणि कांगडीचे (काश्मिरी लोक ऊब घेण्यासाठी जवळ बाळगतात त्या निखाऱ्यांच्या भांड्याचे) तर याहून वाईट आहे, कारण ज्योत विझून नुसते निखारे उरले तरी हा वायू निघतच राहतो.

1. टाकी आणि कागदपत्रे

ट्रकसाठी 5 किलोची, विनाजोडणी मिळणारी टाकी घ्यावी. इंडियन ऑइल ती ‘छोटू’ या नावाने, भारत गॅस ‘मिनी’ या नावाने आणि एचपी ‘अप्पू’ या नावाने विकते. गॅस एजन्सीत आणि काही पेट्रोल पंपांवर ती मिळते. पत्त्याचा पुरावा लागत नाही. फिरतीवर असणाऱ्या माणसासाठी हीच सर्वांत मोठी सोय आहे. जवळ ठेवायचे कागद एवढेच:

- छायाचित्र असलेले कोणतेही एक ओळखपत्र. वाहनचालक परवाना गाडीत असतोच.
- टाकी खरेदीची पावती. तिची प्लास्टिकमध्ये घातलेली एक प्रत गाडीच्या कागदांसोबत ठेवावी.
- प्रत्येक वेळी भरलेली टाकी घेताना मिळालेली पावती.

टाकी घेताना तीन गोष्टी तिथेच, काउंटरसमोर पाहाव्यात. पहिली, तोंडावरची टोपी आणि सील शाबूत आहे का. दुसरी, वजन: टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन कोरलेले असते, त्यात 5 किलो मिळवून येणारा आकडा काट्यावर दिसला पाहिजे. तिसरी गोष्ट बहुतेकजण पाहत नाहीत, ती म्हणजे तपासणीची मुदत. टाकीच्या वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्टीच्या आतल्या बाजूस एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. तिथे ‘सी 28’ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी सप्टेंबर 2028 पर्यंत व्हायला हवी. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका, बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.

नव्या माणसाची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. ट्रान्सपोर्ट नगरांच्या आसपास, पंक्चरवाल्याच्या शेजारी, मोठ्या टाकीतून छोट्या टाकीत गॅस भरून देणारे दुकानदार असतात. भाव कमी असतो आणि पाच मिनिटांत काम होते. हा प्रकार बेकायदा तर आहेच, पण त्यातला खरा धोका मापाचा आहे. कारखान्यात टाकी भरताना आत द्रवाच्या वर मोकळी जागा राखलेली असते, कारण उन्हात द्रव फुगतो. दुकानदार अंदाजाने भरतो. टाकी काठोकाठ भरली आणि गाडी मे महिन्यात जळगाव-धुळ्याच्या उन्हात उभी राहिली, तर द्रवाला फुगायला जागा उरत नाही आणि टाकी फुटू शकते. आयएसआय चिन्ह नसलेल्या पातळ पत्र्याच्या टाक्याही याच दुकानांत मिळतात. त्या कोणी फुकट दिल्या तरी गाडीत ठेवू नयेत.

घरची 14.2 किलोची टाकी गाडीत आणण्याचा मोहही टाळावा. ती घरच्या पत्त्यावरच्या जोडणीसाठी दिलेली असते आणि भरलेली असताना तिचे वजन तीस किलोच्या घरात जाते. जोराचा ब्रेक लागला तर केबिनमधल्या माणसाच्या दिशेने ते वजन सुटते. दोन माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक आणि चहा यांना 5 किलोचा गॅस साधारण तीन ते चार आठवडे पुरतो, तेव्हा मोठ्या टाकीची गरजही पडत नाही.

2. शेगडी, नळी आणि सोबतचे सामान

टाकीच्या तोंडावरच घट्ट फिरवून बसवायचा बर्नर स्वस्त आणि सुटसुटीत वाटतो, पण रस्त्यावर मी तो वापरू नका असेच सांगेन. त्यात दाब कमी करणारा रेग्युलेटर नसतो, ज्योत थेट टाकीच्या डोक्यावर असते आणि वर कुकर ठेवला की सगळी मांडणी उंच आणि डळमळीत होते. कुकर कलंडला तर टाकीही कलंडते, आणि आडव्या टाकीतून वायूऐवजी द्रव बाहेर येतो. द्रवाचा वायू होताना तो सुमारे 250 पट पसरतो, त्यामुळे क्षणात हातभर ज्योतीची पुरुषभर ज्योत होते. एक बर्नरची बसकी शेगडी, रेग्युलेटर आणि नळी अशी वेगळी मांडणी करायला खर्च थोडा जास्त येतो, तो करावा.

गाडीत असायला हवे असे सामान:

- आयएसआय चिन्ह असलेली एक बर्नरची शेगडी.
- टाकीच्या तोंडाला नेमका बसणारा रेग्युलेटर. तो टाकी घेतली त्याच एजन्सीतून घ्यावा, कारण सर्व टाक्यांची तोंडे सारखी नसतात.
- आतून तारेची जाळी असलेली नारिंगी सुरक्षा नळी. तिच्यावर वर्ष छापलेले असते आणि ती पाच वर्षांनी बदलायची असते. ट्रकच्या पेटीत ती सतत वाकते आणि घासते, म्हणून मी तीन वर्षांतच बदलत असे.
- साबणाच्या पाण्याची छोटी बाटली आणि जुना रंगाचा ब्रश.
- 2 किलोचे एबीसी पावडरचे अग्निशामक. काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना, हे दर खेपेला पाहावे.
- गोणपाट, पाण्याचा कॅन आणि रुंद बुडाची लोखंडी पाटी.
- बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. मिळवायला थोडी खटपट करावी लागते, पण थंड प्रदेशात खेप असेल तर त्याच्याशिवाय निघू नये. धुराचा अलार्म वेगळा असतो. तो या कामाचा नाही.

नळी कधीही साध्या हिरव्या पाइपाने वाढवू नका आणि सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळून गळती थांबवल्याचे समाधान मानू नका.

3. टाकी गाडीत कुठे ठेवावी

गाडी चालू असताना टाकी केबिनमध्ये नसावी. हौद्याखाली बाजूला जी लोखंडी पेटी असते, तिचा एक कप्पा टाकीसाठी राखून ठेवावा. पेटीच्या तळाला दोन-तीन भोके पाडून घ्यावीत, कारण गॅस जड असतो आणि गळाला तर त्याला खालून रस्त्यावर पडायला वाट हवी. पेटी बॅटरीच्या, सायलेन्सरच्या किंवा डिझेल टाकीच्या लगत असेल तर दुसरी जागा करून घ्यावी. टाकी उभी ठेवून पट्ट्याने आवळावी. रश्शीची गाठ खड्ड्यांत सैल होते. निघण्यापूर्वी रेग्युलेटर काढून टोपी बसवावी. ही टोपी दोरीने टाकीला बांधलेली असते, आणि नवे लोक ती पहिल्याच दिवशी तोडून टाकतात. तोंडातला वॉल्व्ह कधी नीट बसला नाही, तर गळती अडवणारी शेवटची गोष्ट तीच टोपी असते.

रसायने, पेट्रोल किंवा गॅस वाहणाऱ्या टँकरवर शेगडी आणि टाकी अजिबात असू नये. पाताळगंगा, लोटे-परशुराम, तारापूर अशा ठिकाणाहून धोकादायक मालाची खेप मिळाली, तर सगळे सामान मालकाच्या आवारात उतरवून ठेवावे आणि वाटेत ढाब्यावर जेवावे. कापसाच्या गाठी, कडबा किंवा वैरण भरलेली असेल तर सामान नेता येते, पण शेगडी गाडीच्या सावलीतही पेटवू नये. कोकण रेल्वेच्या रो-रो सेवेने कोलाडहून गाडी वाघिणीवर चढवली, की चालक आणि क्लीनर गाडीतच बसून असतात आणि वेळ जाता जात नाही. त्या प्रवासात चहासाठीसुद्धा शेगडी बाहेर काढू नये.

4. स्वयंपाकाची जागा निवडणे

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला लाकडी ठोकळा लावा आणि किल्ली काढून खिशात ठेवा. शेगडी गाडीपासून निदान सात-आठ पावले दूर, उघड्यावर मांडा. वारा असेल तर आडोसा वाऱ्याच्या बाजूने फक्त शेगडीला करा. पत्र्याने किंवा पुठ्ठ्याने टाकीलाही सगळीकडून घेरले तर शेगडीची उष्णता टाकीवर परतते.

वारा लागतो म्हणून मागच्या चाकांच्या मधे, गाडीच्या पोटाखाली शेगडी मांडणारे अनेक क्लीनर मी पाहिले आहेत. तिथे वर डिझेलचे पाइप आणि ऑइलने माखलेले भाग असतात, गॅस गळाला तर तो तिथेच साचतो, आणि कोणी गाडी हलवली तर बसलेल्या माणसाला पळायलाही वेळ मिळत नाही. पेट्रोल पंपाच्या आवारात, अगदी कडेच्या पार्किंगमध्येही, शेगडी पेटवू नये. शेजारी टँकर उभा असेल तर जागा बदला. उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर बसायची वेळ आली तर आधी पाणी शिंपडा आणि शेगडीखाली लोखंडी पाटी ठेवा.

5. पेटवण्याचा आणि विझवण्याचा क्रम

हा क्रम पहिल्या महिन्यात मोठ्याने म्हणत करा; पुढे हाताला सवय लागते.

टाकीची टोपी काढून तोंडात डोकावून पाहा: आत रबरी रिंग आहे का, ती फाटलेली किंवा कडक झालेली आहे का. रिंग नसेल तर ती टाकी परत करायची. रेग्युलेटर बसवून हलकेच वर ओढून पाहा. नीट बसलेला रेग्युलेटर निघत नाही. रेग्युलेटर सुरू करा, शेगडीची चावी बंदच ठेवा, आणि टाकीचे तोंड, नळीची दोन्ही टोके व चावी यांवर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे वाढताना दिसले तर गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही आहेत; तसे करणाऱ्याच्या जवळ उभेही राहू नका.

मग आधी काडी किंवा लायटर तयार ठेवा आणि नंतर चावी फिरवा. उलट क्रमाने केले तर काडी शोधेपर्यंत सुटलेला गॅस भपकन पेटतो आणि भुवया जातात, हातही भाजतो. पहिल्या दोन प्रयत्नांत पेटली नाही तर चावी बंद करून दोन-तीन मिनिटे थांबा. ज्योत निळी असावी. पिवळी, लांब आणि भांड्याला काजळी धरणारी ज्योत म्हणजे बर्नर कोंदला आहे आणि गॅस अर्धवट जळतो आहे. रस्त्यावरच्या धुळीने बर्नरची भोके वरचेवर बुजतात, ती आठवड्याला पिनेने साफ करावीत.

विझवताना आधी रेग्युलेटर बंद करा, नळीतला गॅस जळून ज्योत आपोआप जाऊ द्या आणि मग चावी बंद करा. असे केल्याने नळीत गॅस शिल्लक राहत नाही. शेगडी हाताला गार लागेपर्यंत पेटीत ठेवायची नाही, कितीही घाई असली तरी.

धावत्या गाडीत चहा करण्याविषयी एवढेच सांगतो: चालकाने सांगितले तरी क्लीनरने ते करू नये. वयाने आणि कामाने लहान असलेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे कठीण जाते, हे मला ठाऊक आहे. म्हणून हे वाक्य मी चालकांनाही उद्देशून लिहीत आहे. क्लीनरला तसे सांगू नका.

6. पाऊस लागला तर

कसारा किंवा आंबेनळीसारख्या घाटात जुलैचा पाऊस लागला की बाहेर शिजवणे अशक्य होते आणि मग शेगडी केबिनमध्ये येते. त्यावर पहिला उपाय ताडपत्रीचा. हौद्याच्या कडेपासून ताडपत्री तिरकी खाली बांधून दोन काठ्यांवर पेलावी, बाजू मोकळ्या सोडाव्यात आणि ती ज्योतीपासून चांगली उंच ठेवावी. तेही जमत नसेल तर त्या वेळी शिजवायचे नाही. आमच्याकडे लांबच्या प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि चिवडा बांधून देण्याची रीत आहे; पावसाळ्यात निघताना तीन दिवसांचा असा शिधा केबिनमध्ये असावा. सकाळी केलेला चहा थर्मासमध्ये भरून ठेवला तर अंगातली हुडहुडी घालवायला तो संध्याकाळपर्यंत पुरतो.

‘दोन्ही दारे सताड उघडी ठेवून दहा मिनिटांत भात करून घेतो’, असे अनेकजण म्हणतात. दहा मिनिटांत कार्बन मोनॉक्साइडने कोणी मरत नाही हे बहुधा खरे असले, तरी उकळते भांडे, सीटचा फोम, पडदे आणि झोपलेला सोबती ही सगळी हातभर अंतरात असतात. शिवाय उघड्या दारांतून पाऊस आत येतो, म्हणून पाचव्या मिनिटाला एक दार लोटले जाते, आणि सातव्याला दुसरे.

7. थंडीत केबिन उबदार ठेवणे

स्वयंपाकाची शेगडी हे हीटर नव्हे. तिचा धूर बाहेर नेणारी नळी नसते, त्यामुळे जळून तयार होणारे सर्व काही केबिनमध्येच राहते. यात पाणीही असते: 1 किलो गॅस जळला की सुमारे दीड किलोपेक्षा जास्त पाण्याची वाफ तयार होते. शेगडीने तापवलेल्या केबिनच्या काचांवर आतून पाणी ओघळते, पांघरुणे दमट होतात आणि शेगडी बंद केल्यावर आधीपेक्षा जास्त थंडी वाजते. काचांवरचे ते ओघळ दिसले, की हवेत आणखी काय साठले असेल याचा विचार करावा. गॅसवर चालणारे लाल जाळीचे हीटर दुकानात मिळतात, तेही केबिनसारख्या लहान बंद जागेसाठी नसतात.

सुरक्षित उपाय हे आहेत. मालकाला शक्य असेल तर डिझेलवर चालणारा पार्किंग हीटर बसवून घ्यावा. त्यात ज्योत बंद डब्यात असते, तिला लागणारी हवा बाहेरून येते आणि धूर नळीने बाहेर जातो. केबिनमध्ये फक्त गरम केलेली हवा येते. तो जाणकाराकडूनच बसवावा, आणि धुराच्या नळीचे तोंड केबिनच्या खिडकीपासून व हवा ओढणाऱ्या जाळीपासून दूर असावे. 24 व्होल्टवर चालणारी गरम चादरही चांगली, फक्त बॅटरी उतरणार नाही याचे भान ठेवावे. यांपैकी काही नसेल तर चांगली झोपेची पिशवी, लोकरीची टोपी आणि मोजे, खाली जाड घोंगडी आणि झोपण्यापूर्वी बाहेर शिजवलेले गरम जेवण. बाहेर पाणी तापवून रबरी पिशवीत भरावे आणि पायांशी घ्यावे. ती पिशवी तीन-चार तास ऊब देते. काझीगुंडनंतरच्या सगळ्या हिवाळ्यांत मी याच रीतीने रात्री काढल्या.

इंजिन चालू ठेवून झोपणारेही सुरक्षित नसतात. बर्फ पडत असेल तर सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजते आणि धूर गाडीखाली कोंडून फटींतून केबिनमध्ये शिरतो. इंजिन चालवायचेच असेल तर जागे राहून, थोडा वेळ, आणि आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढूनच.

उंचीवरच्या प्रदेशात आणखी दोन गोष्टी बदलतात. श्रीनगरहून लडाखकडे जाताना लागणारी झोजिला खिंड साधारण 3,500 मीटर उंचीवर आहे; तिथे पाणी सुमारे 88 अंशांनाच उकळते, म्हणून डाळ-तांदूळ उघड्या भांड्यात शिजत नाही आणि शेगडी दुप्पट वेळ चालू राहते. कुकर न्यावा. दुसरे म्हणजे ब्युटेनचा वायू होणे शून्य अंशाच्या आसपास जवळजवळ थांबते, त्यामुळे टाकीत गॅस असूनही ज्योत मरते. अशा वेळी काही चालक गोठलेल्या डिझेल टाकीखाली जसा जाळ करतात तसा गॅसच्या टाकीखालीही करतात. असे कधीही करू नका. टाकी बर्फावरून उचलून लाकडी फळीवर ठेवा, दुपारच्या उन्हात ठेवा आणि स्वयंपाक त्याच वेळी उरकून घ्या. आणि गारठलेल्या टाकीला ऊब मिळावी म्हणून ती रात्री केबिनमध्ये घेऊ नका.

8. गॅसचा वास आला तर

केबिनमध्ये वास आला तर स्टार्टर मारू नका, दिव्याचे बटण चालू किंवा बंद करू नका, मोबाइल चार्जरवरून काढू नका. दोन्ही दारे उघडा, खाली उतरा, सोबत्याला उतरवा. मग टाकीचा रेग्युलेटर बंद करून टोपी लावा आणि टाकी उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने खाली माणसे नसतील अशा जागी न्या. पावडर किंवा चिकटपट्टी लावून ती पुन्हा वापरू नका. 1906 हा गॅसगळतीसाठीचा तातडीचा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो. फोन गाडीपासून दूर जाऊन करा.

नळी पेटली तर रेग्युलेटर बंद करणे हे पहिले काम. हाताला ओले गोणपाट गुंडाळून ते करता येते. पावडरचे अग्निशामक ज्योतीच्या बुडाशी मारा. टाकीच्या तोंडाशीच मोठी ज्योत असेल आणि ती बंद करता येत नसेल, तर टाकी आणि गाडी सोडून दूर जा, इतरांना दूर करा आणि 101 किंवा 112 वर फोन करा. गाडीचा विमा असतो.

9. वास नसताना डोके जड झाले तर

डोकेदुखी, मळमळ, गरगरणे, पायांत बळ नसणे, आणि हे सर्व केबिनमधल्या दोघांनाही एकाच वेळी होणे, ही कार्बन मोनॉक्साइडची खूण आहे. विरळ हवेचा त्रास, जागरण किंवा बाधलेले जेवण यांतही असेच वाटते, म्हणून लोक फसतात आणि गोळी घेऊन पुन्हा झोपतात. शंका आली की वाद न घालता दार उघडून बाहेर या. सोबती उठत नसेल तर त्याला ओढून बाहेर काढा, श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा आणि 108 वर रुग्णवाहिका मागवा. परप्रांतात 112 लावा.

दोन सूचना इथे महत्त्वाच्या आहेत. कोरोनाच्या काळापासून अनेकांकडे बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आहे, पण या विषबाधेत त्यावरचा आकडा 97-98 दिसू शकतो, कारण ते यंत्र प्राणवायू धरलेले रक्त आणि हा वायू धरलेले रक्त यांत फरक करत नाही. तो आकडा पाहून निश्चिंत होऊ नका. आणि बाहेरच्या हवेत बरे वाटू लागले तरी दवाखान्यात जा: साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायलाच चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायू दिला तर तो काळ बराच कमी होतो. डॉक्टरांना ‘बंद केबिनमध्ये शेगडी चालू होती’ हे पहिल्या वाक्यात सांगा. लाजेने ते लपवले तर उपचार पोटदुखीचे होतात. त्या पहाटे मीही डॉक्टरांना ते उशिरा सांगितले.

10. गाडी दुसऱ्याच्या हाती देताना

बदली चालक चढणार असेल तर किल्ली देताना त्याला पेटी उघडून दाखवा: टाकी कुठे आहे, ती कधी बदलली, रेग्युलेटर काढलेला आहे का, नळी कोणत्या वर्षाची आहे, अलार्मची बॅटरी कधी घातली. नळीचे वर्ष आणि टाकीची मुदत मी पेटीच्या झाकणावर आतून ऑइल पेंटने लिहून ठेवत असे. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर टाकी उतरवून, टोपी लावून, मालकाच्या आवारात सावलीत उभी ठेवावी आणि तसे वॉचमनला सांगून जावे.